'अनलिमिटेड' शेअर्ड होस्टिंग: व्हिडिओ व्हायरल झाला त्या दिवशीचा खराखुरा अनुभव

होस्टिंग कंपनीचं नाव घेत नाही कारण या किमतीतले सगळेच प्लॅन साधारण असेच असतात, पण ज्यांनी आपल्या छोट्या स्टार्टअपची साइट शेअर्ड होस्टिंगवर (म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) टाकलीय त्यांनी हे नक्की वाचा. आम्ही तिघंजण मिळून एक टूल चालवतो, पीडीएफमधली टेबलं एक्सेलमध्ये काढून देणारं. रोज शंभर-दीडशे लोक यायचे. दीड वर्ष या होस्टिंगवर काहीच तक्रार नव्हती, बॅकअप वेळेवर, साइट बऱ्यापैकी फास्ट, मी स्वतः दोघातिघांना हेच घ्या म्हणून सांगितलं होतं.

मग एका दुपारी एका मोठ्या यूट्यूब चॅनलवर आमच्या टूलचा मिनिटभर उल्लेख आला. आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं, पार्टनरचा फोन आला की अरे साइट उघड जरा, आणि उघडली तर पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरात फक्त ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड. रिफ्रेश केलं की एखाद्या वेळी पान यायचं, पुढच्या वेळी परत तेच.

प्लॅनवर 'अनलिमिटेड बँडविड्थ', म्हणजे कितीही डेटा जाऊ-येऊ दे, असं ठळक लिहिलंय आणि ते खोटं नाहीये, पण साइट बँडविड्थमुळे बसतच नाही. खरी मर्यादा असते एंट्री प्रोसेसची, म्हणजे एका क्षणी तुमच्या किती पीएचपी रिक्वेस्ट (सर्व्हरने पान तयार करून द्यायच्या मागण्या) एकदम चालू शकतात त्याची, आणि आमच्या प्लॅनमध्ये ती २० होती. आमचं होमपेज तयार व्हायला दोन सेकंद लागायचे, म्हणजे सेकंदाला फार तर १० पानं, अकरावा माणूस आला की त्याला ५०८. आणि ते दोन सेकंद कशाला लागत होते तर 'आत्तापर्यंत इतक्या फाइल्स बदलल्या' हा आकडा आम्ही दर वेळी डेटाबेसमधून मोजून आणत होतो! तो काढला असता तरी निम्मे लोक आत आले असते, हे मला अजून खुपतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गूगल ॲनालिटिक्सवर आधी आकडा भराभर चढला आणि मग उतरला, आम्हाला वाटलं गर्दी ओसरली. पण ॲनालिटिक्सचा कोड चालतो तो पान ब्राउझरमध्ये उघडल्यावर, ज्याला एररचं पान मिळालं तो माणूस तिथे मोजलाच जात नाही. रात्री मी कंट्रोल पॅनलमधून रॉ ॲक्सेस लॉग, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद, डाउनलोड करून बघितला तर एकाखाली एक नुसत्या ५०८ च्या ओळी, स्क्रोल करतोय करतोय संपतच नाही, अधूनमधून एखादा २००, म्हणजे पान नीट मिळाल्याची खूण. ५०८ ची जवळजवळ प्रत्येक ओळ म्हणजे कुणीतरी आपलं टूल बघायला येऊन दारातून परत गेलेलं, ते बघून खरंच पोटात खड्डा पडला.

सपोर्ट चॅटवाला माणूस नीट बोलला, त्याबद्दल तक्रार नाही, पण उत्तर एकच, वरचा प्लॅन घ्या. घेतला. त्यात साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवावी लागते आणि ते होईपर्यंत संध्याकाळ गेली. वर अजून एक भानगड, ज्यांनी कसंबसं साइनअप केलं त्यांना कन्फर्मेशनचे मेलच गेले नाहीत, कारण तासाला किती मेल पाठवता येतात त्यालाही लिमिट आहे आणि ती फीचरच्या यादीत कुठेच दिसत नाही, हेल्प सेक्शनमध्ये शोधावी लागते.

दुसऱ्या दिवशी क्लाउडफ्लेअरचा (ही सेवा आपल्या साइटच्या पुढे उभी राहून फाइल्सच्या प्रती स्वतःच्या सर्व्हरवरून देते) फ्री प्लॅन लावला आणि याबद्दल मनापासून चांगलं सांगेन. फक्त दोन गोष्टी समजून घ्या. एक म्हणजे त्यासाठी नेमसर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर कुठे आहे ते सांगणारी सेटिंग) बदलावे लागतात, आणि बदलल्यावर ते सगळीकडे लागू व्हायला वेळ लागू शकतो, त्यामुळे ऐन गर्दीत पळापळ करून उपयोग नाही, आजच करून ठेवा. दुसरं, तो आपोआप फोटो, सीएसएस, जावास्क्रिप्ट असल्या फाइल्स कॅश करतो, म्हणजे त्यांची प्रत साठवून ठेवतो, एचटीएमएल पान नाही, त्यासाठी वेगळा कॅश रूल लिहावा लागतो, आणि त्यातून लॉगिन आणि अकाउंटची पानं वगळायची विसरू नका, नाहीतर एकाचं पान दुसऱ्याला दिसेल.

ही गर्दी प्रकरण काही नवीन नाही, स्लॅशडॉट ही टेक बातम्यांची साइट १९९७ साली सुरू झाली आणि तिथे लिंक आली की लहान साइट बसायच्या, त्याला स्लॅशडॉट इफेक्ट असंच नाव पडलं होतं. माहिती असूनही आपल्यावर कधी ही वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ट्रॅफिक जवळजवळ पहिल्यासारखं झालं. आठवड्याने एका बाईंचा मेल आला, 'त्या दिवशी तीनदा उघडून बघितली, आता चालू आहे का?' त्या आता रोज वापरतात. बाकीचे पुन्हा आले की नाही, कळायला मार्ग नाही.

होस्टिंगला पाचपैकी दोन स्टार, बॅकअप आणि सपोर्टच्या बोलण्याला. ब्लॉग किंवा साधी माहितीची साइट असेल तर खुशाल घ्या. साइनअपवर धंदा चालत असेल तर घ्यायच्या आधी त्यांना दोनच गोष्टी लेखी विचारा, एंट्री प्रोसेस किती आणि तासाला मेल किती.