६ महिन्यांचा ऑनलाइन व्हीगन डाएट प्लॅन : जळगावातून घेतलेला अनुभव, ५ पैकी २ स्टार

कंपनीचं नाव टाकत नाहीये, कारण असे प्लॅन विकणारे आता खूप झालेत आणि मला जे सांगायचंय ते त्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडेल. साडेसात हजार भरले होते ६ महिन्यांचे, मी साडेतीन महिन्यांत सोडला. पैसे परत मिळाले नाहीत पण हा रिव्ह्यू पैशासाठी नाही, माझ्यासारख्या अजून कोणी बाया हे घ्यायच्या विचारात असतील तर त्यांनी आधी हे वाचावं म्हणून लिहितेय.

आधी माझं सांगते. वय ४१, जळगावला शाळेत शिकवते, दिवसाचे पाच-सहा तास उभं राहून. घर माळकरी, सासरे वारीला जातात, त्यामुळे अंडं-मटण घरात कधीच नाही. ॲसिडिटी जुनी, वजन ७४. पण प्लॅन घेण्याचं खरं कारण वेगळं होतं. मागच्या दिवाळीत नातेवाइकांच्या गोठ्यात म्हशीचं पारडू बघितलं, नर होतं म्हणून त्याला दूध सोडतच नव्हते, एका कोपऱ्यात बांधून ठेवलेलं, दुसऱ्या दिवशी गेलं ते. मला त्यानंतर कितीतरी दिवस दूध घशाखाली उतरलं नाही. तर व्हीगन, म्हणजे दूध-मधासकट प्राण्यांकडून येणारं काहीच न खाणं, हे श्रीमंतांचं फॅड वगैरे जे म्हणतात ना त्यातली मी नाही, मला ते मनापासून पटलेलं होतं आणि अजूनही पटतं. हे आधीच सांगून ठेवते म्हणजे पुढचं वाचून कोणी दुधाची जाहिरात करतेय असं समजू नये.

संक्रांतीनंतर सुरू केलं. पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर नियमांची पीडीएफ आली. दूध, दही, ताक, तूप, मध बंद, हे तर अपेक्षितच होतं. पण त्याच्यासोबत तेल पूर्ण बंद, सकाळी उपाशीपोटी ४०० मिली हिरवा ज्यूस, रात्री फक्त कच्चं सॅलड आणि ७ नंतर पाण्याशिवाय काही नाही. प्रत्येक जेवणाचा फोटो टाकायचा, कोच त्याला हिरवी टिक देणार नाहीतर लाल. घरातल्या चार माणसांचं चार प्रकारचं जेवण करून वर आपला फोटो टाकायचा हे किती अवघड जातं ते करणारीलाच माहीत.

आता जे चांगलं होतं ते पण सांगायला पाहिजे. पहिल्या महिन्यात ॲसिडिटी जवळजवळ गेली, कारण संध्याकाळचा फरसाण-बिस्किट-चहा बंद झाला. पालेभाज्या दिवसातून दोनदा पोटात जायला लागल्या. शेंगदाण्याच्या दुधाचं दही त्यांनी शिकवलं ते खरंच छान होतं, शेंगदाणे भिजवून वाटून गाळायचे, उकळून कोमट करायचं आणि हिरव्या मिरचीची देठं टाकून विरजायचं, मी ते अजून करते. वजन चार किलो उतरलं. दोन स्टार त्याचेच आहेत.

पण ज्यांनी प्लॅन बनवला त्यांनी खान्देशातलं जेवण कधी बघितलेलंच नसावं, किंवा बघायची गरजच वाटली नसावी. जानेवारी म्हणजे आमच्याकडे भरताचे दिवस. आसोदा-बामणोदकडची ती हिरवी-पांढरी मोठी वांगी, २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, काड्यांवर भाजायची, सालं काढून हिरवी मिरची-लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचायची, आणि मग कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून फोडणी. यात प्राण्याचं काय आहे? काहीच नाही. सोबत कळण्याची भाकरी, ती पण ज्वारी आणि उडीद. आमच्या घरी चार पायली ज्वारीला एक पायली अख्खा काळा उडीद, दळायला देतानाच त्यात जाडं मीठ. धान्याच्या प्रथिनात जे कमी पडतं ते डाळीतून भरून निघतं आणि डाळीतलं कमी धान्यातून, हे मला आता कळलं पण आमच्या आज्या-पणज्या हेच करत होत्या. मी फोटो टाकला, लाल टिक. फोडणीचं तेल दिसलं म्हणून. त्याऐवजी किन्वा (ते परदेशी धान्य) आणि बदामाचं दूध घ्या म्हणे. बदामाच्या दुधाचा एक लिटरचा डबा मी दोनदा आणला, तिसऱ्यांदा आणवला नाही. नाचणी, तीळ, शेंगदाणे, उडीद, आंबाडी, तांदुळजा हे सगळं दाणा बाजारात नाहीतर भाजीवालीकडे मिळत असताना किन्वा कशाला? १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, हे प्लॅनमध्ये कुठंच नव्हतं.

थंडीत रात्री कच्ची काकडी-गाजर-कोबी खाऊन झोपायचं आणि पहाटे चारला पोटात कळ येऊन उठायचं असं तीन आठवडे चाललं. कोचला लिहिलं तर उत्तर आलं, डिटॉक्स चालू आहे, शरीर साफ होतंय, नियम सोडू नका. सासूबाई मूळच्या साक्रीकडच्या, अजून अहिराणीतच बोलतात, त्या एक दिवस माझ्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "कसाले उपाशी मरी ऱ्हायनी वं माय? तुनं पोट काय सांगस ते आयक ना." मी तेव्हा चिडले त्यांच्यावर. आई, तुम्हाला नाही कळणार, असं बोलून गेले. ते मला आजही टोचतं.

मार्चमध्ये थकवा सुरू झाला. दोन जिने चढले की दम लागायचा. पाळी माझी आधीपासूनच जास्त, त्या महिन्यात तर दोन दिवस उठवत नव्हतं. जिभेचं टोक लाल, तिखट काय साधं वरण पण झोंबायचं. प्रत्येक वेळी कोचला कळवलं आणि प्रत्येक वेळी तेच, डिटॉक्स. एकदा मी सरळ विचारलं की व्हिटॅमिन बी१२ चं काय, ते तर दुधातून मिळायचं ना, तर म्हणे बी१२ मातीत असतं, भाज्या फार धुवू नका, मिळून जातं. मी तिथंच थांबायला हवं होतं.

मग तो एप्रिलमधला दिवस. सकाळची शाळा, सातवीचा वर्ग, मी फळ्यावर लसावि-मसावि शिकवत होते आणि हातातला खडू पडला. उचलला, परत लिहायला लागले, परत पडला. बोटांना मुंग्या येत होत्या पण बोटांत खडू आहे की नाही हे नीट कळतच नव्हतं. पहिल्या बाकावरच्या मुलीने उठून खडू उचलून दिला आणि विचारलं, मॅडम बरं वाटत नाही का? मी वर्गात खुर्चीवर कधी बसत नाही, त्या दिवशी बसले.

संध्याकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. बी१२ १३८, हिमोग्लोबिन ९.६, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा ८. बी१२ साधारण २०० च्या खाली म्हणजे कमतरता धरतात, आणि बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया. डॉक्टर रागावले नाहीत, नीट समजावून सांगितलं. बी१२ झाडं बनवत नाहीत, जिवाणू बनवतात, आपल्याला ते प्राण्यांकडून येणाऱ्या पदार्थांतून नाहीतर गोळीतून किंवा बी१२ मुद्दाम घातलेल्या पदार्थांतून मिळतं. भाजीला लागलेल्या मातीच्या भरवशावर राहता येत नाही. लिव्हरमध्ये त्याचा साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून साडेतीन महिन्यांत निरोगी माणसाचं एवढं खाली येत नाही, तुमचा साठा आधीच तळाला गेलेला असणार, थोडं ताक-दही होतं त्यावर चाललं होतं, ते पण बंद केलं. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला माहीतच नव्हती. पालेभाज्यांमध्ये फोलेट (फॉलिक ॲसिडचं नैसर्गिक रूप) असतं, ते भरपूर खाल्लं की बी१२ कमी असल्यामुळे होणारा ॲनिमिया रिपोर्टमध्ये झाकला जाऊ शकतो, पण नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. म्हणजे मी जेवढी इमानदारीनं पालक खात होते तेवढं ते कळायला उशीर होण्याची शक्यता वाढत होती.

इंजेक्शनं घेतली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला. लोहाच्या गोळ्या चालू, त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या. मुंग्या कमी व्हायला दीड महिना लागला, डाव्या अंगठ्याला अजून थोड्या आहेत.

नंतर मी वाचत बसले तेव्हा कळलं की व्हीगन हा शब्दच ज्यांनी आणला ती इंग्लंडमधली व्हीगन सोसायटी, १९४४ ची, ते स्वतःच सांगतात की बी१२ घ्याच. बी१२ घातलेल्या पदार्थांतून रोज किमान ३ मायक्रोग्रॅम, नाहीतर रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी, नाहीतर आठवड्याला २००० ची. एवढं स्पष्ट लिहिलेलं आहे. माझ्या शाळेतल्याच एक मॅडम दोन वर्षांपासून पूर्ण व्हीगन आहेत, आठवड्याची गोळी न चुकता घेतात, वर्षातून एकदा रक्त तपासतात, माझ्यापेक्षा दुप्पट चालतात मेहरूण तलावाला. म्हणजे दोष व्हीगन खाण्यात नव्हता. साडेसात हजार घेऊन ज्या माणसांनी मला पहिल्या दिवशी एक रक्त तपासणी करून या असं सांगितलं नाही, आणि मी तोंडानं सांगत असताना माझंच शरीर खोटं ठरवलं, दोष त्यांचा आहे. काहीही झालं की डिटॉक्स, मग बाईनं तक्रार करायची तरी कशी?

आता शरीराचं ऐकणं याबद्दल पण मला एक सांगायचंय, कारण हे बोलणं सोपं आहे. जिभेला शेव पाहिजे म्हणजे शरीराला शेव पाहिजे असं नाही, मी पण हे गोंधळून बसते कधी कधी. माझ्यापुरतं मी असं धरलंय की जे एकदाच वाटतं आणि अर्ध्या तासात जातं ते सोडून द्यायचं, आणि जे आठ दिवस रोज त्याच वेळी वाटतं ते लिहून ठेवायचं. पहाटे चारची कळ रोज होती. जिभेची आग रोज होती. आणि बी१२ सारखं काही तर वर्षानुवर्षं आवाजच करत नाही, ते रक्त तपासल्याशिवाय कळायला मार्ग नाही, म्हणून नुसतं आतून काय वाटतं यावर पण मी राहणार नाही आता.

ताकाचं सांगते. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला जातो, दुपारी शाळेतून घरी आले की डोकं गरगरायचं, आणि प्लॅनमध्ये ताक नाही, मीठ पण मोजून अर्धा चमचा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी मी अशीच आले आणि ओट्याला धरून उभी राहिले. सासूबाईंनी काही विचारलं नाही. माठाशेजारी ताकाचं भांडं होतं, त्यांनी ग्लासभर ओतलं, चिमटीनं जिरं चुरडून टाकलं, मीठ टाकलं, बोटानंच ढवळलं आणि माझ्यापुढे धरलं. मी पारडू आठवून दोन मिनिटं तशीच उभी होते. मग प्याले. पोटात गार गेलं आणि हाताचं थरथरणं थांबलं. दुसऱ्या दिवशी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस जेवले, तूप अर्धा चमचा, आणि त्याच रात्री कोचला लिहिलं की मी थांबतेय.

आज माझं जेवण बहुतेक झाडपाल्याचंच आहे. चहा काळा, दूध बंदच, मिठाई नाही. शेंगदाण्याचं दही. फोडणीला तेल आहे. उन्हाळ्यात दुपारी एक ग्लास ताक आणि वरण-बट्टीवर तूप, ते पण शेजारच्या गल्लीतल्या एका मावशींकडचं, त्या वासराला पोटभर पाजून उरलेलं दूध काढतात, मी जाऊन बघून आलेय. कोणी मला अर्धवट म्हणेल, म्हणू दे. पारडू मी विसरले नाहीये.

कोणी हा किंवा असा प्लॅन घेतच असेल तर पैसे भरायच्या आधी त्यांना विचारा की सुरुवातीला बी१२, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघता का, बी१२ ची गोळी देता का, आणि मला त्रास झाला तर बोलायला डॉक्टर आहे की फक्त कोच आहे. मातीतून मिळतं असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा. आणि ज्यांनी घेतलाय आणि हातापायाला मुंग्या येताहेत त्यांनी कोचला फोटो नका पाठवू, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

माझी पुढची तपासणी ऑक्टोबरमध्ये आहे, आकडे आले की इथंच खाली टाकते.