सहा टायरवर 12 हजार लिटर: टँकर घेण्याआधी काट्याचा हिशेब

दोन एक्सलची, 18.5 टन पासिंगची (म्हणजे मालासकट कायद्यानं चालणारं एकूण वजन) सहा टायर चेसिस आणि तिच्यावर 12 हजार लिटरची लंबगोल टाकी. पाणी, डिझेल, खाद्यतेल, मळी, काहीही भरा, चालतंय, असं सांगून यार्डात हा टँकर दाखवला जातो. टाकीचं काम बहुतेक ठिकाणी बरं असतं: 5 मिमी एमएस (साध्या पोलादाचा) पत्रा, दोन बॅफल (माल हिंदकळू नये म्हणून आत लावलेले आडवे पडदे), वर मॅनहोल, मागे 3 इंची व्हॉल्व्ह. खोट आहे ती टाकी आणि गाडीच्या जोडीत. टाकीचं माप लिटरमध्ये सांगतात, गाडीचं पासिंग किलोत असतं, आणि मधलं गणित गिऱ्हाइकाला कोणी करून दाखवत नाही. ते इथे करू.

नमुन्याला 4.2 मीटर व्हीलबेस, म्हणजे दोन एक्सलमधलं अंतर, धरू. केबिन आणि डिझेलसह चेसिसचं रिकामं वजन साधारण 5,200 किलो, त्यातलं 2,800 पुढच्या एक्सलवर आणि 2,400 मागच्या. टाकी 4.9 मीटर लांब, 2.2 रुंद, 1.42 उंच. 5 मिमी एमएस पत्रा चौरस मीटरला 39 किलो भरतो. शेल, दोन्ही तोंडांच्या डिश आणि बॅफल मिळून 37 चौरस मीटर पत्रा, म्हणजे साडेचौदाशे किलो तिथेच गेले. सबफ्रेम (चेसिसवरची जोड-चौकट), सॅडल (टाकीची बैठक), शिडी, पाइप, व्हॉल्व्ह धरा की टाकी दोन टनांवर येते. गाडी रिकामी 7.2 टन. 18.5 मधून वजा केले की उरतात 11.3 टन. पाणी 12 टन. काठोकाठ भरलेला टँकर 700 किलो ओव्हरलोड.

सातशे किलोच तर आहेत, असं म्हणून बरेच जण इथे विषय सोडतात. खरी गोम पुढे आहे. जुलै 2018 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं दोन एक्सलच्या गाडीचं पासिंग 16.2 वरून 18.5 टनांवर नेलं, पण ते 7 टन पुढे आणि 11.5 टन मागे असं वाटून दिलेलं आहे. केबिनच्या मागे हात-दीड हात जागा सोडली की 4.9 मीटरच्या टाकीचा मध्य मागच्या एक्सलच्या फक्त 1.05 मीटर पुढे येतो. 1.05 म्हणजे 4.2 चा चौथा भाग, म्हणून टाकी आणि पाण्याच्या 14 टनांपैकी साडेतीन टन पुढे जातात, साडेदहा मागे. म्हणजे पुढे 6.3 आणि मागे 12.9 टन. मागचा एक्सल 1,400 किलोनं जास्त, पुढे मात्र 700 किलोची जागा रिकामी. मागचे स्प्रिंगचे पाटे का बसतात, सेंटर बोल्ट का तुटतो, आतले टायर आधी का जातात याचं उत्तर या एका बेरजेत आहे. पाटे वाढवून घेतले की गाडी दिसायला सरळ होते, एक्सलवरचा एक किलोही कमी होत नाही.

त्याच चेसिसवर 10 हजारी टाकी घ्या. आडवा छेद तोच, लांबी 4.1 मीटर, वजन 1.7 टन. टाकी आखूड असल्यामुळे मध्य आपोआप पुढे सरकतो, मागच्या एक्सलच्या 1.45 मीटर पुढे येतो. पाण्यासकट काटा दाखवेल पुढे 6.8, मागे 10.1, एकूण 16.9 टन. दोन्ही एक्सल हद्दीत, वर दीड टनाची सवड. पाण्यासाठी सहा टायरवर हीच टाकी बरोबर, 12 हजारी नाही. आरसीवर अजून 16.2 टनच असेल, तर ही 10 हजारीही काठोकाठ भरता येणार नाही.

मग 12 हजारी कुठे शोभते? डिझेलमध्ये. डिझेल लिटरला 0.83 किलोच्या आसपास, पेट्रोल 0.74 च्या. 12 हजार लिटर डिझेल म्हणजे दहा टनांना थोडं कमी, आणि वरच्याच गणितात मागचा एक्सल 11.4 वर थांबतो. अगदी काठावर, पण कायद्यात. लोणी काळभोर किंवा पानेवाडीच्या डेपोबाहेर 12 केएलचे (12 हजार लिटरचे) दोन एक्सलवाले टँकर दिसतात ते याच हिशेबानं. (ती टाकी वेगळी असते, आत पूर्ण बंद कप्पे असतात आणि तिला पेसोची (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेची) मंजुरी लागते. पाण्याची टाकी धुऊन तिच्यात डिझेल भरायचा विचारही नको.) खाद्यतेल फसवं आहे. 0.92 नं 12 हजार लिटर म्हणजे 11 टन, एकूण वजन 18.2. काट्यावर पावती पास. पण मागच्या एक्सलवर 12.2 टन, म्हणजे 700 किलो जास्त. एक्सलवार वजन करणाऱ्या काट्यावर ही गाडी सापडते आणि चालकाला कळतच नाही की चुकलं कुठे.

जड मालाचं बोलू. दूध लिटरला 1.03 किलो, त्यामुळे ते पाण्यासारखंच धरायचं. फक्त दुधाची टाकी स्टेनलेस 304 ची, दुहेरी कवच आणि मध्ये इन्सुलेशन, म्हणून टाकीच जड. मळी 1.4: सहा टायरवर 8 हजार लिटरला गाडी भरली. कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) 1.5: साडेसात हजार. 98 टक्के सल्फ्युरिक आम्ल 1.84: सहा हजार लिटर आणि बस. आता 12 हजारी टाकीत सहा हजार लिटर आम्ल भरलं तर एकूण वजन 18.5 टनांत बसतं, पण मागचा एक्सल खाद्यतेलासारखाच जास्त भरतो, शिवाय अर्धी टाकी मोकळी राहते, आणि टँकरमध्ये याहून वाईट अवस्था दुसरी नाही.

अर्धी टाकी वाईट का, तर तिच्यातला माल गाडीबरोबर थांबत नाही. बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारला, समजा गुरुत्वाच्या तीन दशांश इतका, तर पातळी साधारण 17 अंशांनी तिरकी होते. 4.1 मीटरच्या बिनबॅफलच्या टाकीत पुढच्या आणि मागच्या पातळीत सव्वा मीटर फरक पडू पाहतो, म्हणजे सगळा माल पुढच्या डिशवर आदळतो. गाडी थांबल्यावर पुन्हा पुढे ढकलली जाते ती यानंच. दोन बॅफलनी टाकीचे तीन भाग केले की एका भागात हा फरक 40 सेंटिमीटरवर येतो, शिवाय बॅफलच्या खालच्या-वरच्या खिडक्यांतून माल हळूहळूच सरकतो. म्हणून पाच हजार लिटरवर एकही बॅफल नसलेली टाकी फुकट मिळाली तरी घेऊ नये. मात्र बॅफल पुढे-मागेच अडवतात. वळणावर माल बाजूला जातो, तिथे वेग कमी करणं हाच इलाज. अर्धी गाडी हलकी असते म्हणून वळण जोरात घेणारा चालक टँकरवर ठेवू नका. भरलेल्या गाडीपेक्षा अर्धी गाडी लवकर कलंडते.

काठोकाठ भरणं हेही उत्तर नाही. पेट्रोल दर 10 अंशांना एक टक्क्याच्या आसपास फुगतं. पहाटे भरलेले 12 हजार लिटर दुपारी 120 लिटर जास्त जागा मागतात. पाण्याला इतकं लागत नाही, तरी तीनेक टक्के मोकळे ठेवावेत, नाहीतर पहिल्या गतिरोधकावर मॅनहोलमधून पाणी रस्त्यावर.

आकार लंबगोल घ्यावा की गोल? पाणी आणि दुधाला लंबगोल. याच छेदाची गोल टाकी केली तर व्यास 1.77 मीटर होतो आणि मालाचा मध्य 17-18 सेंटिमीटर वर जातो, खंबाटकी किंवा आंबा घाटात ते जाणवतं. गोल टाकी आम्ल आणि मळीला योग्य: पत्र्यावर ताण सारखा पडतो, तळाशी माल अडकून राहत नाही. चौकोनी टाकी स्वस्त पडते आणि कोपऱ्याच्या वेल्डला चीर जाते. तिच्याबद्दल एवढंच पुरे.

बसवणी हा यार्डात सगळ्यात दुर्लक्षित भाग. खड्ड्यात चेसिस पिळते, टाकी पिळत नाही. दोन्ही सगळीकडून घट्ट जखडल्या तर पुढच्या सॅडलजवळ पहिली चीर पडणारच. पुढची पकड स्प्रिंग किंवा रबराची हवी, मागची पक्की. सबफ्रेम आणि चेसिसमध्ये पट्टी हवी, लोखंडावर लोखंड नको. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक नाही, वेल्ड तर नाहीच. यू-बोल्ट पहिल्या काही भरलेल्या फेऱ्यांनंतर पुन्हा आवळायचे, ते ढिले पडतातच. एखादा फॅब्रिकेटर चेसिसला वेल्डिंग लावून "मजबूत केलंय" म्हणाला, तर तिथून निघा.

व्हॉल्व्ह 3 इंची देतात, 4 इंची मागा. छेद पावणेदोन पट होतो, त्यामुळे 10 हजार लिटर उताराने रिकामं व्हायला जिथे पंधरा-वीस मिनिटं लागायची तिथे दहाच्या आसपास लागतात. दिवसाला चार खेपा मारणाऱ्याला हे पैसे लगेच वसूल. पण मोठा व्हॉल्व्ह लावला की हवेची वाटही मोठी लागते. मॅनहोल बंद ठेवून, व्हेंट (हवा आत येण्याची वाट) बुजलेला असताना पंप लावला की आत पोकळी होते. हवेच्या दाबाच्या फक्त दहाव्या भागाइतका फरक पडला तरी टाकीच्या दर चौरस मीटरवर एक टन भार बाहेरून येतो, आणि पत्रा आत चेपतो. 3 मिमीच्या टाकीत हे हमखास. एकदा चेपलेली टाकी ठोकून सरळ दिसते, पण वेल्ड दुखावलेला असतो. व्हेंट उघडा, मग व्हॉल्व्ह, हा क्रम टाकीवर मागे रंगवून घ्या.

आतल्या थराबद्दल थोडक्यात. पिण्याच्या पाण्याला फूड ग्रेड इपॉक्सी. 98 टक्के सल्फ्युरिक साध्या पोलादात चालतं, कारण पत्र्यावर सल्फेटचा थर बसून तो वाचतो. तीच टाकी रिकामी करून बादलीभर पाण्यानं विसळली की उरलेलं आम्ल पातळ होतं आणि पत्रा खाऊ लागतं, वर उष्णता आणि हायड्रोजन. हायड्रोक्लोरिकला पोलाद चालत नाही, रबर अस्तर किंवा एफआरपी (फायबरग्लास) च. मळीच्या टाकीत साफ करायला माणूस उतरवू नका: आंबलेल्या मळीतून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो खाली साचतो, आणि वरून पाहून काही कळत नाही.

दंडाचा हिशेबही मांडून ठेवू. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे ओव्हरलोडला 20 हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. गोण्या उतरवता येतात. जादा तेल रस्त्याच्या कडेला कुठे उतरवणार?

दहा टायरचा पर्याय विचारणाऱ्यांसाठी: 7 आणि 21 असं 28 टन पासिंग, टाकीसह रिकामी गाडी 10 टनांच्या आसपास, म्हणजे पाणी 16 हजार लिटर निवांत, 18 हजार काठावर. मळी आणि आम्लवाल्यांनी दहा टायरच घ्यावी आणि टाकी मालाच्या वजनावरून छोटी बनवून घ्यावी, मळीला 12 हजारी, आम्लाला 9 हजारी. गल्लीबोळात सोसायट्यांना पाणी टाकणाऱ्याला दहा टायर वळत नाही, त्याला सहा टायरच. एकदम मोठं पाणी लांब न्यायचं असेल तर टँकरचा विचारच सोडा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला गेलेल्या पहिल्या पाणीगाडीत दहा वाघिणींत पाच लाख लिटर होतं, म्हणजे 10 हजारी टँकरच्या पन्नास खेपा.

पाणी विकत घेणाऱ्या सोसायट्यांना या हिशेबातून एक सोपी सोय मिळते. 30 अंशाला 10 हजार लिटर पाण्याचं वजन 9,957 किलो. भरलेल्या गाडीच्या काट्यातून रिकाम्या गाडीचा काटा वजा करा, जवळजवळ तितकेच लिटर. "12 हजारी" म्हणून आलेल्या टँकरचं माप यातून लगेच कळतं. डिझेलला ही युक्ती चालत नाही, तिथे 15 अंशाला आणलेली घनताच लागते.

ताबा घेताना हे करून घ्या: रिकामी गाडी काट्यावर, पुढचे टायर आणि मागचे टायर वेगळे, मग पाणी भरून पुन्हा तसंच, दोन्ही पावत्या जपून. भरलेली टाकी रात्रभर उभी ठेवून सकाळी खालच्या वेल्डवरून आणि सॅडलच्या कडेनं कोरडा कागद फिरवा. टॉर्च घेऊन मॅनहोलमधून बॅफल मोजा, आणि ते दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेत की नुसते टाके मारलेत ते बघा. टाके मारलेला बॅफल सुटून डिशवर आदळायला एक पावसाळा पुरतो. मागच्या एक्सलचा आकडा 11.5 टनांच्या वर आला, तर यार्डवाला काहीही म्हणो, उरलेली रक्कम देऊ नका.