सेस्ना १७२ : महिन्याला दोनच तास उडवणाऱ्याचे मत

दोन वर्षांपूर्वी खासगी वैमानिकाचा परवाना हाती आला, तेव्हा डिचोलीतील शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न होता, की आता दाबोळीहून उडणार की मोपाहून. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे आणि मोपाची धावपट्टी प्रवासी विमानांची. त्यामुळे मी महिन्यातून एकदा पहाटे साखळीवरून चोर्ला घाट चढून बेळगावला सांबऱ्यास जातो आणि दोन तास विमान भाड्याने घेतो. हे विमान म्हणजे सेस्ना १७२, त्यातील ‘एस’ मॉडेल. परवानाधारक मित्र जमले की कोणते विमान चांगले यावर वाद ठरलेला, आणि वेगाची आवड असलेले त्यात या विमानाला खुशाल बैलगाडी म्हणतात. मला ते मान्य नाही. मात्र माझे मत महिन्याला दोनच तास मिळणाऱ्या माणसाचे आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

१९५५ साली प्रथम उडालेले हे विमान आजवर ४४,००० हून अधिक संख्येने बनले. १९८६ ते १९९६ या काळात उत्पादन बंद होते. ते पुन्हा सुरू झाल्यानंतर १९९८ मध्ये आलेल्या ‘एस’मध्ये लायकमिंग कंपनीचे १८० अश्वशक्तीचे, फ्युएल इंजेक्शनचे, म्हणजे इंधन नळ्यांतून सिलिंडरपाशी फवारणारे, इंजिन आहे. आपल्याकडच्या दमट हवेत या गोष्टीला मोल आहे. जुन्या, कार्ब्युरेटरच्या (हवेत इंधन मिसळणाऱ्या भागाच्या) विमानांत बाहेर पंचवीस अंश तापमान असतानाही, उतरताना इंजिनाची ताकद कमी केली की कार्ब्युरेटरच्या नळीत बर्फ धरू शकतो, आणि पायलटला कार्ब हीटची, म्हणजे तिथे गरम हवा सोडणारी, कळ विसरून चालत नाही. इंजेक्शनच्या इंजिनाला ही चिंता नाही. त्याचा हट्ट वेगळा असतो. उन्हात थोडा वेळ थांबवून पुन्हा चालू करायला गेले, की नळ्यांतील इंधनाची वाफ होते आणि इंजिन चटकन सुरू होत नाही.

उड्डाणाआधीच्या पाहणीत मला या विमानाची खरी ओळख पटते. ‘एस’ला इंधनाचे नमुने काढण्याच्या तेरा जागा आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. पारदर्शक पेल्यात फिकट निळे एव्हगॅस (विमानाचे पेट्रोल) घेऊन ते उजेडाकडे धरायचे आणि तळाशी पाण्याचा मणी दिसतो का ते पाहायचे. पावसाळ्यात मी हे काम घाईने उरकत नाही. दुसरी गंमत डाव्या पंखाच्या कडेला असलेल्या स्टॉल वॉर्निंगच्या, म्हणजे वेग फार कमी होऊन पंखांचा आधार सुटू लागल्याची सूचना देणाऱ्या, लहानशा भोकाची. त्यावर रुमाल धरून तोंडाने हवा ओढली, की आत बसवलेली पत्ती जत्रेतल्या पिपाणीसारखी वाजते. विजेवाचून चालणारी ही व्यवस्था मला वैमानिकासमोरच्या चकचकीत पडद्यांहून अधिक भरवशाची वाटते. पहिल्यांदा मला पंखाला तोंड लावून उभा पाहून सोबत आलेला मेहुणा मात्र घरी परत जायच्या गोष्टी करू लागला होता.

हवेत हे विमान संथ, समजूतदार आणि काहीसे जड हाताचे आहे. ट्रिम, म्हणजे हातावरचा भार हलका करणारे चाक, नीट लावले तर दोन बोटांवर चालते, स्टॉल होण्यापूर्वी थरथरून आणि वाजून पुरेशी सूचना देते. महिनाभराच्या खंडानंतर बसणाऱ्याला हीच सवलत हवी असते. परंतु वेगाच्या बाबतीत ते मुळीच दयाळू नाही. गेल्या फेब्रुवारीत मी पासष्ट नॉटऐवजी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पंच्याहत्तरने धावपट्टीवर आलो. जमिनीपासून हातभर उंचीवर विमान तरंगत राहिले, निम्मी धावपट्टी मागे पडली तरी चाके टेकेनात. मी नाक खाली दाबण्याचा विचार करत होतो, इतक्यात शेजारचे प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, “दाबू नका, परत वर घ्या.” पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला सगळी ताकद, दिले तेव्हा पंखांमागच्या पूर्ण उतरवलेल्या फ्लॅपच्या झडपांमुळे नाक असे उसळले, की योक (विमानाचे सुकाणू) दोन्ही हातांनी पुढे रेटावा लागला. चूक सर्वस्वी माझी होती. नंतर चहा पिताना ते एवढेच बोलले, “पासष्ट म्हणजे पासष्ट.”

दुसरी सक्ती वजनाची. चार आसने आहेत म्हणून चार मोठी माणसे बसतील, असा समज करून घेऊ नये. टाक्या पूर्ण भरल्यावर माणसे आणि सामान मिळून जेमतेम अडीचशे किलो उरतात. त्यात सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच. एप्रिलमधील दुपारी पारा छत्तिसावर असला, तर हवा इतकी विरळ होते की विमान साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखे वागते, आणि जमीन सोडण्याआधीची धाव समुद्रसपाटीवरील साधारण दिवसाच्या जवळजवळ दीडपट होते. पत्नी आणि मेहुणा या दोघांना एकदम न्यायचे ठरले, तेव्हा मी टाक्या अर्ध्याच भरून घेतल्या. काजूची पिशवी गाडीतच राहिली, याचे दुःख फक्त मेहुण्याला झाले.

वरच्या पंखामुळे खालचे दृश्य मोकळे मिळते, सह्याद्रीचे कडे आणि दऱ्या पाहुण्यांना दाखवायला याहून चांगले विमान नाही. मात्र डावीकडे वळताना तोच पंख खाली येऊन धावपट्टी झाकतो आणि सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीभोवती घातलेल्या फेरीत, नेमकी तीच पाहायची असते. खालच्या पंखाच्या पायपर जातीच्या विमानांत वळताना धावपट्टी दिसत राहते, पण इंधनाची टाकी उजवी की डावी हे ठरावीक वेळाने हाताने बदलत राहावे लागते. सेस्नाचा टाकी निवडायचा सिलेक्टर ‘बोथ’वर ठेवला की दोन्ही टाक्यांतून इंधन येत राहते. ज्याची सवय महिन्यात एकदाच ताजी होते, त्याच्यासाठी मी दृश्याचा तोटा पत्करून ही सोय निवडेन.

रोज उडणाऱ्याला, लांबचे पल्ले गाठणाऱ्याला हे विमान कंटाळवाणे वाटेल, आणि सव्वाशे नॉटच्या आत राहणाऱ्या यंत्रावर खर्च कशाला, हा त्यांचा प्रश्नही गैर नाही. मी मात्र चवथ झाल्यावर, पाऊस ओसरला की, ऑक्टोबरातील सकाळी सातचा तास मागून ठेवला आहे. त्या वेळी हवा थंड असते, वाराही उठलेला नसतो, आणि मेहुण्याने या खेपेस पिपाणी स्वतः वाजवून पाहायचे कबूल केले आहे.