करीमखाँसाहेबांचा दोन सीडींचा संच: निवड चोख, पट्टी चुकलेली

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांवरून केलेला हा संच. निवडीला नावं ठेवायला जागा नाही. झिंझोटीतली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ आणि भैरवीतली ‘जमुना के तीर’ हव्यातच, त्या आहेत. खरहरप्रिया या कर्नाटक रागातली त्यागराजांची कृती, म्हणजे रचनाही घेतली आहे. खाँसाहेबांच्या सरगमेवर कर्नाटक संगीताची छाया कशी पडली, हे त्यातून कानाला कळतं.

घोळ आहे तो गतीचा. पहिल्या सीडीवरच्या चौथ्या आणि पाचव्या चिजा एकाच तबकडीच्या दोन बाजू, तरी चौथीचा षड्ज (सा) अर्धा स्वर वर. तीन-सव्वातीन मिनिटांच्या दोन बाजूंमध्ये तंबोरे उतरवले असतील हे पटत नाही. एक बाजू मूळ तबकडीवरून आणि दुसरी नंतरच्या एखाद्या एलपीवरून उचललेली दिसते. गती सहा टक्क्यांनी वाढली की पट्टी साधारण अर्धा स्वर चढते. खाँसाहेबांचा आवाज मुळातच उंच आणि टोकदार. त्यावर ही चढण आली की तो चिरका लागतो, आणि ऐकणारा दोष गवयाला देतो!

दुरुस्ती घरी होते. सीडीवरून चौथ्या चिजेची वेव्ह फाइल काढा, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज स्पीड अँड पिच’ निवडून उणे ५.६ टक्के द्या आणि पाचव्या चिजेच्या षड्जाशी ताडून पाहा. नुसतं ‘चेंज पिच’ वापरू नका: स्वर उतरतो, लय मात्र पळतीच राहते.

खरखर काढताना वरच्या कंप्रता छाटल्यात, त्याला मात्र इलाज नाही. ‘स’, ‘च’ बोथट झालेत, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती गुंज, जवळजवळ गेलीच. खरखर परवडली असती.

पुस्तिकेत मिरजेचं वास्तव्य आणि पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमलकोइल स्थानकावर आलेला मृत्यू नीट आलाय. खाँसाहेबांच्या पत्नी ताराबाई माने मात्र गायब. हिराबाई बडोदेकरांना चक्क ‘शिष्या’ म्हटलंय. त्या खाँसाहेबांच्या कन्या, आणि त्यांची मुख्य तालीम भाऊ सुरेशबाबू माने व अब्दुल वहीद खाँ यांच्याकडची. दुसऱ्या कन्या सरस्वतीबाई राणे एका ओळीत उरकल्यात.

दुसरी सीडी आहे तशी ऐकायला हरकत नाही. तेवढ्यासाठी संच घ्यावा.