अंगावर पाजणाऱ्या आईसाठी 'छाया': गोळी चांगली, मार्गदर्शन अपुरे

बाळ अंगावर पीत असताना पाळणा लांबवायचा असेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळणारी 'छाया' ही गोळी चांगला पर्याय आहे, असे ती वापरल्यानंतरचे माझे मत आहे. मात्र गोळीचा दर्जा आणि ती ज्या व्यवस्थेतून आपल्या हाती पडते त्या व्यवस्थेचा दर्जा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बाळंतिणीला त्रास होतो तो बहुधा दुसऱ्या गोष्टीमुळे. म्हणून हे परीक्षण दोन्हींचे आहे.

गर्भनिरोधके बाजारात कितीही असली, तरी बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत त्यांतली बरीचशी आपल्या उपयोगाची नसतात. 'माला-एन'सारख्या रोज घ्यायच्या नेहमीच्या गोळ्यांत दोन संप्रेरके असतात. त्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे अंगावरचे दूध कमी होण्याचा संभव असतो, आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा जो धोका मुळातच वाढलेला असतो त्यात आणखी भर पडते. त्यामुळे बाळ सहा आठवड्यांचे होईपर्यंत या गोळ्या घेऊच नयेत आणि पुढेही सहा महिन्यांपर्यंत पाजणाऱ्या आईने त्या टाळाव्यात, असा नियम आहे. आमच्या भागातल्या एका औषध दुकानात मी दिवस राहू नयेत म्हणून गोळी मागितली, तेव्हा बाळ किती महिन्यांचे आहे किंवा ते अंगावर पिते का, हे न विचारताच अशाच मिश्र गोळ्यांचे पाकीट पुढे करण्यात आले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना तर पाळी पुढे ढकलण्याची गोळी आणि गर्भनिरोधक गोळी एकच वाटत होती. घरात पूजा किंवा लग्नकार्य असले की आपल्याकडे पाळी लांबवणाऱ्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, म्हणून हा गैरसमज स्वाभाविक आहे. पण त्या गोळ्यांच्या भरवशावर राहणे म्हणजे फसगत करून घेणे आहे.

दुसरा भरवसा घरातून मिळतो. "अंगावर पाजतेस तोवर काही होत नाही," हे वाक्य सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत प्रत्येकीच्या तोंडी असते, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असेही नाही. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असेल, बाळंतपणानंतर पाळी परत आलेली नसेल आणि बाळ रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर असेल, तर या तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या जात असताना दिवस राहण्याची शक्यता शंभरात दोघींइतकीच असते. अडचण या अटींत आहे. दिवसा दोन पाजण्यांमध्ये चार तासांहून अधिक आणि रात्री सहा तासांहून अधिक खंड पडून चालत नाही. ऊसतोडीला किंवा शेतमजुरीला लवकर परतावे लागणाऱ्या, बाळाला घरी ठेवून कामावर जाणाऱ्या बाईला हे जमावे कसे? शिवाय ज्या घरात बाळाला गुटी, मध, साखरपाणी आणि उन्हाळ्यात वरचे पाणी दिले जाते, त्या घरात 'फक्त आईचे दूध' ही अट पहिल्याच महिन्यात ढिली पडते. उष्टावण झाले की ती उरतच नाही. सर्वांत घातक समज असा की पाळी आली की मग बघू. बीज पाळीच्या आधी सुटते. त्यामुळे बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता पुन्हा दिवस गेलेल्या बाया प्रत्येक गावात आढळतात, आणि मग त्या बाळाच्या वयाचे गणित जुळवत साऱ्या घराला जाग येते.

'छाया'चे वेगळेपण इथे लक्षात येते. या गोळीत संप्रेरक नाही. तिच्यातले औषध सेंटक्रोमन या नावाने ओळखले जाते, औषधशास्त्रात त्याला ऑर्मेलोक्सिफेन म्हणतात, आणि ते लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झाले. 'सहेली' या नावाने हीच गोळी १९९१ पासून औषधांच्या दुकानांत विकत मिळते. २०१६ साली तिचा राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात समावेश झाला आणि सरकारी केंद्रांत ती 'छाया' या नावाने मोफत मिळू लागली. बीज तयार होणे ती थांबवत नाही; गर्भाशयाच्या अस्तराची तयारी आणि फलित बीजाचा तिथवरचा प्रवास यांचा मेळ ती बसू देत नाही, त्यामुळे गर्भ रुजत नाही. दूध तयार होण्याच्या क्रियेत तिची आडकाठी नसल्यामुळे पाजणाऱ्या आईला ती देता येते, आणि त्यासाठी सहा आठवडे थांबण्याचीही गरज नसते. माझ्या बाबतीत दूध कमी झाले नाही आणि बाळाचे वजनही वाढत राहिले. एका आईच्या अनुभवाला पुरावा म्हणता येत नाही हे खरे, पण बाळंतिणीला सतावणारी पहिली चिंता हीच असल्यामुळे तो इथे नोंदवून ठेवते.

मात्रा सोपी आहे, पण लक्षात ठेवायला अवघड आहे. तीस मिलिग्रॅमची एक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची, आणि चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदाच. वार ठरलेले असतात: पहिली गोळी रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी, सोमवारी घेतली तर गुरुवारी, मंगळवारी घेतली तर शुक्रवारी, आणि पुढे आठवड्यातून एकदाच घ्यायची वेळ आली की पहिल्या गोळीचा जो वार असेल तोच कायम. पाळी सुरू असलेल्या बाईने पाळीच्या पहिल्या दिवशी सुरुवात करायची असते. बाळंतपणानंतर पाळी आलेलीच नसेल, तर दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते. एका पट्टीत आठ गोळ्या असतात, म्हणजे सुरुवातीला पट्टी महिनाभर पुरते आणि नंतर तीच जवळजवळ दोन महिने जाते. औषध शरीरातून निम्मे उतरायलाच आठवड्याच्या आसपास वेळ लागत असल्यामुळे रोज गोळी घेण्याची गरज पडत नाही. रात्रीची झोप मोडलेल्या बाईला हा मोठाच दिलासा आहे.

तरीही आठवड्यातून दोन वार लक्षात ठेवणे हे रोजच्या गोळीपेक्षा सोपे असते, असे मी म्हणणार नाही. रोजची गोष्ट अंगवळणी पडते. बुधवार मात्र मंगळवारसारखाच दिसतो. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. त्यांनी पट्टीच्या मागे बॉलपेनने दोन वार लिहून दिले आणि म्हणाल्या, "ताई, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडता ना, तिथेच या दोन वारांना गोल करा. वार हुकला तर मनाने काही ठरवू नका, मला फोन करा." गोळी राहिली तर आठवल्याबरोबर घ्यायची. उशीर सात दिवसांपेक्षा कमी असेल तर ठरलेले वार तसेच चालू ठेवून पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा, आणि सात दिवसांहून अधिक झाला असेल तर सगळे नव्याने, म्हणजे पुन्हा तीन महिने आठवड्यातून दोनदा. हा नियम मला तोंडी सांगण्यात आला. छापील मराठी माहितीपत्रक मात्र संपलेले होते, आणि ते पुन्हा कधी येईल हे कोणालाच सांगता आले नाही. ज्या गोळीचे यश वार पाळण्यावर अवलंबून आहे, तिच्यासोबत वारांचा तक्ता न मिळणे ही लहान उणीव नव्हे.

गोळीचा सर्वांत त्रासदायक भाग पाळीचा आहे. सुरुवातीच्या महिन्यांत काही जणींची पाळी लांबते किंवा रक्तस्राव कमी होतो, आणि त्यात काळजीचे कारण नसते. पण पाजणाऱ्या आईची पाळी मुळातच अनियमित असते किंवा आलेलीच नसते. तेव्हा ती दुधामुळे थांबली आहे, गोळीमुळे लांबली आहे की दिवस गेले आहेत, हे तिला कळण्याचा मार्ग नसतो. एकदा पाळी सुरू झाल्यानंतर ती पंधरा दिवसांहून अधिक लांबली, तर तपासणी करून घ्यायची असते. आशाताईंकडे त्यासाठी 'निश्चय' हे लघवीच्या तपासणीचे किट मिळते. मला ते मागावे लागले, त्यांनी आपणहून दिले नाही, पण मागितल्यावर कोणतीही उलटतपासणी न करता दिले.

गोळी सर्वांसाठी नाही, ही गोष्ट सुरुवातीलाच स्पष्टपणे विचारली गेली पाहिजे. ज्यांना अलीकडे कावीळ होऊन गेली आहे किंवा यकृताचा आजार आहे, ज्यांच्या बीजकोशात गाठी आहेत, ज्यांना क्षयरोग किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांना 'छाया' दिली जात नाही. माझी विचारपूस नीट झाली. एका परिचित बाईंना मात्र दुसऱ्या ठिकाणी नुसती पट्टी हातावर ठेवून पाठवण्यात आले, आणि त्यांना कावीळ होऊन वर्षही झालेले नव्हते.

पर्यायांचा विचार करताना गर्भाशयात बसवायच्या तांबीला (कॉपर-टी) 'छाया'पेक्षा वरचे स्थान द्यावे लागेल, हे मी मोकळेपणाने लिहिते. तांबी बाळंतपण झाल्यावर अठ्ठेचाळीस तासांच्या आत बसवता येते. ती वेळ टळली तर सहा आठवडे थांबावे लागते. ३८० ए ही तांबी दहा वर्षे आणि ३७५ ही पाच वर्षे चालते, दुधाशी तिचा संबंध येत नाही, वर्षाला शंभरातल्या एकीलाही दिवस राहत नाहीत आणि वार लक्षात ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. बाळंतपणाबरोबर बसवलेली तांबी आपोआप बाहेर पडण्याचे प्रमाण मात्र नंतर बसवलेल्या तांबीपेक्षा जास्त असते, म्हणून सहा आठवड्यांनी तपासून घ्यावी लागते. मी ती घेतली नाही, कारण कळा सुरू असताना पहिल्यांदाच तो विषय काढण्यात आला आणि त्या अवस्थेत कोणाही बाईकडून विचारपूर्वक होकार मिळू शकत नाही. हा प्रश्न सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीत विचारायचा असतो.

'अंतरा' हे इंजेक्शनही मोफत मिळते. त्यात एकच संप्रेरक असते, ते दुधाला बाधत नाही, पाजणाऱ्या आईला बाळ सहा आठवड्यांचे झाल्यावर देतात आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागते. बाळाचा दीड महिन्याचा डोस आणि आईचे पहिले इंजेक्शन एकाच फेरीत होऊ शकते, ही त्याची सोय. रक्तस्राव अनियमित होतो, पुढे पाळी बंदही होते, आणि इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागतात; दोन वर्षांनी लगेच दुसरे मूल हवे असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. डेसोजेस्ट्रेल या एकाच संप्रेरकाची रोजची गोळी खासगी डॉक्टर लिहून देतात. ती पाजताना चालते, पण रोज ठरलेल्या वेळी घ्यावी लागते आणि विकत घ्यावी लागते. निरोधाबद्दल वेगळे काय लिहावे? ते घरात असतेच, प्रश्न ते वापरणाऱ्याच्या तयारीचा असतो. पुरुष नसबंदीचे नाव मात्र आम्हा नवरा-बायकोला एकदाही कोणी सुचवले नाही.

सेवेतील खरी फट माहेर आणि सासर यांच्यामध्ये आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते, तिथल्या आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांच्या फेऱ्या होतात, त्या ओळखीच्या होतात. नवरा-बायको एकत्र राहू लागतात ते मात्र बाळंतीण सासरी परतल्यावर, आणि गर्भनिरोधकाची गरज नेमकी तिथे निर्माण होते. सासरच्या आशाताईंच्या वहीत तिचे नाव गरोदरपणाच्या यादीतच अडकलेले असते, आणि नव्या गावात सासूबाईंसमोर ही गोष्ट मागण्याचे धाडस नव्या आईला होत नाही. माझ्या बाबतीत माहेरच्या उपकेंद्रात मिळालेली पट्टी संपली, तेव्हा सासरच्या केंद्रात साठा नव्हता. मधल्या काळात औषध दुकानातून 'सहेली' आणून वार चुकू दिला नाही. औषध तेच असल्यामुळे त्यात काही बिघडत नाही, पण ही माहिती मला केंद्रातून मिळायला हवी होती आणि ती मिळाली नाही.

म्हणून सासरी निघणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीने माहेरच्या सिस्टरांकडून तीन पट्ट्या एकदम मागून घ्याव्यात, म्हणजे आठवड्यातून दोनदा गोळी घेण्याचा पहिला टप्पा निर्वेध पार पडतो, आणि बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावरच गोळी सुरू केल्याची तारीख व दोन्ही वार लिहून घ्यावेत. ते कार्ड पुढच्या डोसासाठी सासरच्या केंद्रात न्यावेच लागते, आणि तिथल्या सिस्टरांनी ते उघडले की सासूबाईंसमोर काही बोलण्याची वेळच येत नाही.