परत कन्सल्टिंग की स्टार्टअपच? राजीनामा टाकण्याआधी मांडलेला हिशेब

महापे एमआयडीसीतल्या स्टार्टअपमध्ये तीन वर्षं काढल्यावर जुन्या कन्सल्टिंग फर्ममधल्या साहेबांचा फोन आला, "येतोस का परत?" मी आधी पगाराचा आकडा विचारला. चुकलंच. आधी पद विचारायला हवं होतं.

पद

कन्सल्टिंगच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: कन्सल्टंट, मॅनेजर, सिनियर मॅनेजर, डायरेक्टर, पार्टनर. बाहेर काढलेली वर्षं या जिन्यावर कुठे धरायची, याचा मात्र नियम नाही. बरोबरीचे एक पायरी वर गेलेले असतात आणि तुमच्यापुढे तुम्ही सोडली तीच खुर्ची ठेवली जाते. वर "वर्षभरात प्रमोशन करून टाकू" असं गोड बोलणं. ऑफर लेटरमध्ये नसेल तर ते धरू नका. वर्षभरात तो बोलणाराच दुसरीकडे गेलेला असतो.

स्टार्टअपमध्ये उलटी गंमत. माझ्या कार्डावर 'हेड ऑफ ऑपरेशन्स' होतं आणि हाताखाली चार जण, त्यातला एक इंटर्न. मुलाखतीत कोणी कार्ड बघत नाही. किती खर्चाचा निर्णय तुमच्या सहीने होत होता, काय बंद पाडलंत, काय उभं केलंत, हे विचारतात. ते कागदावर लिहून न्या.

काम आणि धास्ती

कन्सल्टिंगमध्ये आपण सल्ला देतो, डेक (सादरीकरणाच्या स्लाइड्स) सोपवतो आणि पुढच्या क्लायंटकडे जातो. स्टार्टअपमध्ये मंगळवारी दिलेला सल्ला शुक्रवारी आपल्याच अंगावर येतो. परत जाताना हीच खरी कमाई. "हे आमच्या गोदामात कोण करणार?" असं क्लायंटने विचारलं की आता उत्तर असतं.

धास्ती दोन्हीकडे आहे. स्टार्टअपमध्ये रनवे, म्हणजे हातातला पैसा, किती महिन्यांचा उरला याची, कन्सल्टिंगमध्ये बेंचवर, म्हणजे क्लायंटच्या कामाविना, किती आठवडे गेले याची. मला बेंच बरा वाटतो. तिथे निदान एक तारखेला पगार जमा होतो. पण तासातासाचा हिशेब देणारी टाइमशीट भरायची सवय सुटलेल्या माणसाला पहिले दोन महिने जड जातात.

ईसॉप

ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायचा कर्मचाऱ्याला दिलेला हक्क, म्हणजेच ऑप्शन. इथे घाई महागात पडते. कायद्याने ऑप्शन दिल्यापासून ते व्हेस्ट होईपर्यंत (हक्क पक्का होईपर्यंत) किमान एक वर्ष जावं लागतं, म्हणजे अकराव्या महिन्यात निघालात तर हाती काहीच नाही. व्हेस्ट झालेल्या ऑप्शनवरचे शेअरसुद्धा नोकरी सोडल्यावर ठरावीक मुदतीत विकत घ्यावे लागतात. ही मुदत योजनेत लिहिलेली असते, काही ठिकाणी तीनच महिने.

आणि घेतले की कर. समजा १,००० ऑप्शन, ठरलेली किंमत १० रुपये आणि त्या दिवशीचं मूल्य ४१० रुपये. तुम्ही १०,००० रुपये भरता, पण ४ लाख रुपये तुमच्या पगारात धरले जातात. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर १ लाख २० हजार आणि वर सेस. शेअर मात्र अनलिस्टेड, विकायला बाजार नाही. २०२० च्या अर्थसंकल्पाने काही पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलायची सोय दिली, पण नोकरी सोडली की तीही संपते. म्हणून राजीनाम्याआधी एक दुपार सीएकडे घालवा. मी गेलो नव्हतो, हेही सांगून टाकतो.

ग्रॅच्युइटीचं थोडक्यात: कायम नोकरीत सलग पाच वर्षं लागतात. जुन्या फर्ममध्ये परतलात तरी मधे खंड पडलेला असतो, मोजणी पहिल्यापासून.

ठाण्यातून जाणं-येणं

घरी हाच मुद्दा सगळ्यात जास्त चघळला गेला. स्टार्टअपला ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोली, पुढे शेअर रिक्षा, आणि संध्याकाळी उलट. कन्सल्टिंगचं ऑफिस लोअर परळला: ठाण्याहून स्लो लोकल, करी रोडला उतरून चालत. तेही जमतं. खरा फरक सोमवारी पहाटे पडतो, जेव्हा क्लायंट बंगळुरूत असतो. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुटू लागल्याने वाशी-नेरुळकरांची त्यातून थोडी सुटका झाली. घोडबंदर रोडला राहणाऱ्याने मात्र आधी घरातून हायवेपर्यंतचा वेळ मोजावा.

माझं मत

ऑप्शन व्हेस्ट झालेत, गुंतवणुकीचा नवा राउंड दृष्टिपथात नाही आणि गेले सहा महिने तेच काम करताय, तर परत जा, पण सोडलेल्या पायरीच्या खाली नाही. पहिलं वर्षच चालू असेल तर थांबा. फक्त थकवा आला असेल तर आधी पंधरा दिवसांची रजा मागून बघा. कन्सल्टिंगमध्ये थकवा कमी होतो असं मला तरी कोणी सांगितलेलं नाही.

मी सिनियर मॅनेजर हे पद लेखी आल्यावरच हो म्हटलं. आकडा अपेक्षेपेक्षा थोडा कमीच होता. पहिला क्लायंट कुठला मिळाला? रबाळे एमआयडीसीतला. पास पुन्हा ट्रान्स-हार्बरचाच काढला.