गोजिरा एक, सिनेमे दोन
१ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली. सप्टेंबरात त्यांतला एक दगावला. नोव्हेंबरात जपानमध्ये ‘गोजिरा’ (म्हणजेच गॉडझिला) हा अशा चाचण्यांनी जागा झालेल्या राक्षसाचा सिनेमा झळकला. त्याची सुरुवातच समुद्रात पेटणाऱ्या बोटीने होते. ती कुठली बोट, हे तिथल्या प्रेक्षकांना वेगळं सांगावं लागलं नसणार.

१९५६ ची अमेरिकी आवृत्ती बघा. राक्षस तोच, चिरडलेलं टोकियोही तेच. फक्त मध्येच एक अमेरिकी पत्रकार घुसवलाय. मूळ सिनेमात आगगाडीतली एक बाई सहज बोलून जाते, की नागासाकीतून कशीबशी वाचले. हा प्रसंग इथे कापलाय! करमणूक म्हणून ही आवृत्ती वाईट नाही, पण मला जपानीच हादरवते. रबरी पोशाखातल्या राक्षसाचं आज हसू येतं, त्या बाईचं नाही. शेवटी जपानी शास्त्रज्ञ बजावतो, चाचण्या चालू राहिल्या तर आणखी एखादा गोजिरा येईल. अमेरिकी पत्रकार मात्र जग वाचलं म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतो.